बिनपानांची गौर

१

रिटायर झाल्यापासून माझा एक नेम होता. रविवारी सकाळी गडबच्या नाक्यावर रोह्याची एसटी धरायची, सुट्ट्या पैशांवरून कंडक्टरशी निष्कारण हुज्जत घालायची आणि उन्हं वर यायच्या आत सखाच्या पडवीत जाऊन चहा मागायचा. सखा आणि मी धाटावच्या एकाच कंपनीत, एकाच बॉयलरवर जन्म काढला. त्याच्या डब्यातली मासळी खायची आणि काटे परत डब्यात अखंड मासा दिसेल असे मांडून ठेवायचे, ही माझी शिफ्टमधली मुख्य कामगिरी. सखा कधी चिडला नाही. चिडायचं खातं त्याच्या बायकोकडे.

"आले भावजी!" हौसा आतून ओरडायची. "अवो, भाकरीच्या टोपलीवर पाट ठेवा."

"ठेवा ठेवा. मी पाटासकट खातो."

असं चालायचं. मग मालू गेली आणि ते बंद झालं.

मालू त्यांची एकुलती एक. पेणच्या बाजूला दिलेली. गौरी-गणपतीला माहेरी आली तेव्हा डोळे पिवळे, अन्नावर वासना नाही. म्हणाली, "आये, मला थोडे दिस राहू दे गो." पण गौर गेली की माहेरवाशिणीनं जायचं, सासरची माणसं खोळंबतात, हे हौसानं तिच्या आईकडून शिकलेलं. तिनं दहीभात बांधून दिला. सखानं तिला एसटीत खिडकीची जागा धरून दिली. कावीळ डोक्यात गेली आणि दसऱ्याच्या आत खेळ आटोपला.

लग्न झालेली लेक दुसऱ्या घरची. माहेरी तिचं सुतक तीन दिवसांचं. चौथ्या दिवशी अंघोळ करून आईबाप मोकळे. मी आयुष्यभर सगळ्यांची टिंगल केली, देवाची केली, साहेबांची केली, पण हा हिशेब ज्यानं कुणी घातला त्याची टिंगल करायलाही मला शब्द सापडला नाही.

सुतक नाही, म्हणून पुढल्या वर्षी सण आला तसा करावा लागला. कोकणची गाडी रोह्याच्या पुढं जायला लागली, त्या काळातली ही गोष्ट.

२

आमच्याकडची गौर म्हणजे पितळेचे मुखवटे नव्हेत. आमची गौर तेरड्याची. बायका डोंगराच्या उतारावर जातात, तेरडा मुळासकट उपटून आणतात, त्याची मोळी बांधून तिला लुगडं नेसवतात. दारात तिचे पाय धुवायचे, भाकरतुकडा ओवाळून टाकायचा आणि मग तिला सबंध घर दाखवायचं. लांबून आलेली लेक आहे ना ती. घर विसरली असेल.

त्या वर्षी पाऊस मरणाचा पडलेला. तेरडा नुसता पाणी पिऊन लिबलिबीत झालेला, उभा राहीना. म्हणून हौसानं डोंगरातच पडलेली एक फांदी उचलली आणि मोळीच्या मधोमध कणा म्हणून खोचली. फांदीला करड्या दोऱ्यांचा गुंता चिकटला होता. पान नाही, काही नाही. मला वाटलं वाळलेली वेल.

हौसा मोळी घेऊन दारात आली. पाय धुतले. मी कडेला उभा राहून मालमसाला पुरवत होतो.

"गौरीबाय, काय पायलंस?" शेजारच्या धोंडुबाईनं विचारलं. घरात फिरवताना असं विचारायची रीत आहे आणि दुसऱ्या कुणीतरी गौरीच्या वतीनं उत्तर द्यायचं.

"दार पायलं."

मग चुलीपाशी. "चूल पायली." मग भाताच्या कणगीपाशी. मग देवापाशी.

"गौरीबाय, उंदीर नाय पायलास?" मी म्हटलं. "कणगीमागं हाय. माझ्यासारखाच, फुकट खातो." बायका हसल्या.

देवापाशी फेरी संपते. पण हौसा थांबली नाही. ती तशीच पुढं गेली, मालूच्या खोलीचं दार कोपरानं ढकललं आणि मोळी बाजेसमोर धरली.

"आनि ही तुझी निजायची जागा गो बाय," ती म्हणाली.

काय पायलंस, असं कुणी विचारलं नाही. धोंडुबाई पदरानं घाम पुसायला लागली. घाम नव्हता.

३

विसर्जनाला आम्ही कुंडलिकेवर गेलो. माधवराव गुरुजी पेणहून आले होते. ते पूर्वी रोह्याच्या शाळेत शास्त्र शिकवायचे. मालू त्यांची विद्यार्थिनी. आता पेणला घराच्या गच्चीत कुंड्या भरून बसले होते आणि झाडांना लॅटिनमध्ये हाका मारत होते. मी त्यांना एकदा विचारलं होतं, "गुरुजी, झाड ओ देतं का?" तेव्हापासून ते मला बघितलं की चष्मा पुसतात.

हौसानं मोळी पाण्यात सोडली. तेरडा सुटला, पसरला, वाहायला लागला. फांदी मात्र कडेला येऊन टेकली. पाणी लागल्यावर त्या करड्या दोऱ्या हिरव्या झाल्या होत्या. लख्ख हिरव्या.

"अहो, थांबा!" गुरुजी धोतर सावरत पाण्यात शिरले. "हे ऑर्किड आहे! बिनपानांची आमरी! मी फक्त पुस्तकात पाहिली आहे. हौसाबाई, ही जिवंत आहे, हिला बुडवू नका."

"जितं हाय?" हौसानं विचारलं.

"पूर्ण जिवंत. हिला पानं येतच नाहीत. या सगळ्या दोऱ्या म्हणजे मुळं. मुळंच जेवतात, मुळंच श्वास घेतात. मुळंच बघतात म्हणा हवं तर. जपलंत तर घरी फुलेल."

विसर्जनाहून परतताना रिकामा पाट घरी न्यायचा नसतो. नदीतले चार खडे, मूठभर वाळू त्यावर ठेवून आणायची आणि घरात टाकायची, ही रीत. हौसानं वाकून खड्यांना हात घातला होता. तो तिनं तसाच काढला, फांदी उचलली आणि पाटावर ठेवली.

"हौसे," धोंडुबाई म्हणाली, "पाठवलेली गौर परत नाय आनायची."

"आजी, ही गौर नव्हे, वनस्पती आहे," गुरुजी म्हणाले.

"गुरुजी, गौर वनस्पतीच असते," मी म्हटलं. "तेरडा काय मुंबईच्या साड्यांच्या दुकानात पिकतो?"

सगळे हसले. गुरुजींनी चष्मा पुसला. हौसा पाट डोक्यावर घेऊन पुढं निघाली. घराच्या दारात पोचल्यावर तिनं कळशीतलं पाणी घेतलं आणि फांदीवर ओतलं. पाय धुतात तसं.

४

गुरुजींनी नियम घालून दिले. माती नको. कुंडी नको. फांदी तारेनं पडवीच्या वाशाला टांगायची. सकाळचं कोवळं ऊन, वारा, आणि पावसाचं साठवलेलं पाणी, तेही फवाऱ्यानं. मुळं करडी दिसली की तहान लागली समजायचं, हिरवी झाली की पुरे. उन्हाळ्यात फुलांचा तुरा येईल. आला तर. घरी फुलवणं सोपं नाही, कित्येकांची वर्षानुवर्षं नुसती मुळंच राहतात.

सखाचा इस्त्रीचा फवारा त्या कामाला लागला. सखा विनाइस्त्रीचा फिरायला लागला. मी म्हटलं, "वयनी, नवऱ्याला पण वाशाला टांगा, एका फवाऱ्यात दोघं भिजतील."

आणि हौसा हसली. खरंच हसली. ती फवारा मारायची आणि फांदीशी बोलायची, आज काय रांधलं, कुणाची गाय व्याली. फवाऱ्याचं पाणी पडलं की मुळांतून बारीकसा आवाज यायचा, गरम दुधावर फुंकर मारावी तसा. मला बरं वाटलं. बाई माणसात येते आहे, तर दोरीशी बोलेना का. माझी बायको विमल माझ्याशी बोलते, ते काय वेगळं आहे?

दिवाळीनंतरच्या एका रविवारी चहा पिताना माझी नजर वर गेली. एक मूळ वाशावरून उतरून दाराच्या चौकटीवर आलं होतं. चपटं, गव्हाच्या काडीएवढं रुंद. ते चौकटीला चिकटून, वळसा घेऊन, आत गेलं होतं.

गुरुजी म्हणाले होते, ही मुळं उजेडाकडं जातात. पडवीत उजेड. आत काळोख.

आता मी काही काल जन्मलेलो नाही. जगात कुठं काही विचित्र दिसलं की त्यामागं कोण हसतंय हे मी आधी बघतो, कारण बहुतेक वेळा मीच असतो. मी सखाकडं बघितलं. तो बशीत चहा ओतत होता. चेहरा म्हशीसारखा निष्पाप. म्हटलं, अरे वा, म्हातारपणी शिकला तर! खळ लावून मूळ चिकटवतो आणि माझी गंमत बघतो. मी खिशातला खडू काढला (खडू माझ्याकडं असतोच, लोकांच्या पाठीवर लिहायला) आणि मुळाचं टोक जिथं होतं तिथं चौकटीवर रेघ मारली. कुणाला न सांगता.

पुढच्या रविवारी टोक रेघेच्या पुढं गेलं होतं. मी नखानं उचकटून बघितलं. खळ नव्हती. मुळानं लाकूड असं धरलं होतं, जसं रांगतं पोर लुगडं धरतं.

५

थंडी सरता सरता ते चुलीपाशी पोचलं. चुलीमागची भिंत धुरानं काळी, त्यावर ते पांढरट मूळ आडवं बसलं. धगीनं वाळायला हवं होतं. वाळलं नाही. तिथून ते कणगीकडं वळलं. कणगीला गळ्यापाशी एक फेरा घालून देवाच्या फळीकडं.

देवाच्या फळीपाशी मी उभा राहिलो आणि माझ्या अंगावर काटा आला. एवढंसं झाड, एवढं वाढलंच कसं, हे तर होतंच. पण काटा आला तो त्याच्या वाटेमुळं. खिडकीकडं एक फाटा नाही. मोरीच्या ओलीकडं नाही. दार, चूल, कणगी, देव. ज्या क्रमानं दाखवलं, त्याच क्रमानं.

मी गुरुजींना घेऊन आलो. त्यांनी भिंग आणलं होतं. दारापासून सुरुवात करून ते मूळ बघत बघत आत गेले. सुरुवातीला मोठमोठ्यानं बोलत होते, "दमट हवा... चुलीचा कार्बन..." कणगीपाशी त्यांचा आवाज बारीक झाला. देवापाशी बंद.

"गुरुजी," मी म्हटलं, "लॅटिनमध्ये हाक मारून बघा."

त्यांनी चष्मा पुसला नाही. सखाला म्हणाले, "पाणी कमी करा. फार लाड करू नका." चहा न पिता ते गेले. पेणची एसटी यायला अजून वेळ होता. ते उन्हात थांब्यावर उभे राहिले.

हौसा दारातून बघत होती. "गुरुजींना काय कळतंय," ती मला म्हणाली. "घरात यायला कुनाला वेळ लागतो, कुनाला नाय लागत. माझ्या पोरीला मी वेळच दिला नव्हता."

उन्हाळ्यात तुरा आला नाही. उन्हाळ्यात मूळ मालूच्या खोलीचा उंबरा ओलांडून गेलं.

६

श्रावणात सखा मला न सांगता गडबला आला. नाक्यावरच्या हॉटेलात बसून निरोप धाडला. मी गेलो तर भज्यांची बशी समोर, एकाला हात लावलेला नाही. मी सवयीनं दोन उचलली.

"पोपट, हौसा घरातून बाहेर पडत नाय."

"पाऊस हाय."

"पावसाचं नाय सांगत. बहिनीच्या पोरीचं लगीन झालं, गेली नाय. बाजारात मी जातो. पानी मी भरतो. ती त्या खोलीच्या दारात बसून असते. तिथंच जेवते, जेवली तर. रोड झाली रे. मी काय बोललो तर म्हनते, हळू बोला, निजली हाय."

मी भजं खाली ठेवलं.

"तुरा आलाय," सखा म्हणाला. "बाजेच्या उशाला. नुसत्या कळ्या. हौसा म्हनते, गौरीला उमलनार. मी म्हटलं, या गौरीला तिला पाठवू. नीट, वाजतगाजत, दहीभात देऊन. तर तिनं माझ्याकडं असं बघितलं..." त्यानं भज्यांची बशी बाजूला सारली. "एकदा पाठवली तेवढी बास, म्हनाली. पोपट, लेक गेली ती गेली. माझी बायको पन त्या खोलीत चाललीय. मला ती परत पायजे. दुसरं मी कायच मागत नाय."

मग त्यानं बेत सांगितला. गौरीला निरोप देताना घरची बाई विचारते, "जातंस ना गो बाय?" आणि गौरीच्या वतीनं उत्तर येतं, "जाते, पुढल्या साली येते." तर या वर्षी ते उत्तर मालूच्या खोलीतून यायचं. मालूच्या आवाजात.

हे माझ्याकडं का, तर गावच्या नाटकांत बायकांची सोंगं मी केलेली. सासवा, सुना, राणी, कोळीण, आवाज काढला की पडद्यामागं कोण आहे हे खुद्द विमलला ओळखू यायचं नाही. मालू लहान असताना तिचा आवाज काढून मी तिलाच हाका मारायचो आणि ती गोल गोल फिरून स्वतःला शोधायची.

"सख्या, ही खोडी नाय रे," मी म्हटलं. "हे वाईट हाय."

"वाईट हाय," सखा म्हणाला. "करशील ना?"

त्यानं आयुष्यात माझ्याकडं एवढी एकच गोष्ट मागितली.

७

निरोपाच्या दिवशी दुपारी हौसा नाइलाजानं पडवीत बायकांमध्ये बसली होती. तेरड्याची नवी गौर माजघरात होती, ती जाणार होती. तिच्याबद्दल हौसाची तक्रार नव्हती. सखानं मला मागच्या दारानं आत घेतलं आणि मालूच्या खोलीत लोटून दार ओढून घेतलं.

बाहेर ऊन पडलं होतं. आत उजेड होता, पण हिरवा. खिडकीच्या गजांमधून मुळं विणली गेली होती, त्यातून गाळून येणारा. ओलसर वास. भिंतीवर मालूचा छोटा आरसा, त्याच्या कोपऱ्यात तिची टिकली अजून चिकटलेली. मी स्वतःला म्हटलं, पोपटराव, झाड आहे. दमट खोली आहे. एक वाक्य बोलायचं आणि मागच्या दारानं सुटायचं.

मग मी बाजेकडं बघितलं.

मुळं बाजेवर पसरली होती. पण सगळीकडं नाही. कडेकडेनं, दाट, एकमेकांत गुंतून. मधली जागा मोकळी होती. लांबट, एका जागी वाकलेली. कुशीवर निजून गुडघे पोटाशी घेतले की माणसाला जेवढी जागा लागते, तेवढी. गोधडीवर एक तंतू नव्हता आणि गोधडी खोलगट झाली होती. उशाशी तो तुरा लोंबत होता, पिवळसर कळ्या, सगळ्या घट्ट मिटलेल्या.

मी दाराच्या फळीला पाठ लावली. माझ्या पाठीशी काही तरी आहे असं वाटलं. होतं. मूळच होतं. मी पाठ काढून घेतली आणि बाजेकडं पाठ करून आरशासमोर उभा राहिलो.

बाहेर बायका उठल्या. धोंडुबाईचा आवाज आला, "इचार गो हौसे, येळ होतंय." पावलं आली. ती माजघरात थांबली नाहीत. ती मालूच्या खोलीच्या दाराशी आली. सखा मागून काही तरी पुटपुटला. ताटातल्या दहीभाताचा आंबूस वास दाराच्या फटीतून आत आला.

"मालू," हौसा म्हणाली. गौरीबाय नाही म्हणाली. "हे सगले म्हनतायत, पाठव. तू सांग. जातंस ना गो बाय?"

मी श्वास घेतला. घशात आवाज तयार होता, पातळ, थोडा नाकातला, जसा तिचा होता तसा. जाते आये. पुढल्या साली येते. सकाळपासून घोकलेलं.

बाज करकरली.

उंदीर चढला की बाज करकरते, तशी नव्हे. कुशीवरचं माणूस उताणं होतं तशी, आधी एक बाजू, मग दुसरी. मी मान वळवली नाही. देवाशप्पथ नाही वळवली. पण समोर तो आरसा होता. आरशात उशी दिसत होती आणि उशीचा खळगा हळूहळू भरून वर येत होता, डोकं उचलल्यावर येतो तसा. आणि तुऱ्यावरच्या कळ्या उमललेल्या होत्या. आता मिटलेल्या होत्या, आता उमललेल्या. मधलं मी बघितलं नाही.

"नाय," मालू म्हणाली. "मी नाय जायची, आये."

आजारी माणसाचा आवाज. कोरडा. त्यात हट्ट नव्हता. विचारलं म्हणून सांगितलं, इतकंच.

८

दार उघडलं. हौसा आत आली आणि तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. ती फुलांकडं बघत होती. "बरं बाय," ती म्हणत होती, "बरं गो बाय, नको जाऊ. कोन पाठवतंय तुला?" आणि ती बाजेवर बसली. मधोमध नाही. अगदी कडेला, निजलेल्या माणसाच्या अंगावर बसू नये म्हणून आपण बसतो तशी.

सखानं माझ्या दंडाला धरून मला पडवीत ओढलं आणि सगळ्या बायकांदेखत कानाखाली मारली. जन्मात न चिडलेला माणूस.

"तुला एक शब्द सांगितला व्हता! एक! तितं पन तुला खोडीच सुचली? माझ्या घरात? माझ्या लेकीच्या आवाजात?"

मी तोंड उघडलं. सांगणारच होतो, सख्या, मी नव्हतो. मग खोलीच्या दारातून हौसा दिसली. ती दहीभाताचा घास करून हातात धरून बसली होती आणि स्वतः जेवत होती. एक घास स्वतःला, मग हात तसाच पुढं. तोंड हसरं.

मी तोंड मिटलं.

"मेला सुधारायचा नाय," धोंडुबाई म्हणाली. "मसनात पन खोड्या करील."

मी मान खाली घालून निघालो. सबंध रोह्यात बातमी झाली, पोपट्यानं सखाचा बेत मोडला. एसटीत कंडक्टरनंही ऐकवलं. ऐकून घेतलं. न केलेल्या खोडीचं नाव मिळण्याची ही माझी पहिलीच वेळ.

९

त्यानंतर मी रोह्याला गेलो नाही. रविवारी एसटी यायची, थांबायची, जायची.

भात कापणीला आला तेव्हा एका सकाळी सखा अंगणात उभा. मी गाल सांभाळत पुढं गेलो. तो खाटेवर बसला. विमलनं चहा दिला.

"हौसा जेवते आता," तो म्हणाला. "बाजारात पन गेली परवा. माझ्यासाठी इस्त्री केली." त्यानं सदरा दाखवला. "फुलं अजून तशीच हायत. गुरुजी बोलले व्हते, थोड्या दिसांत गळतील. गळत नायत."

"बरं झालं."

"व्हय. बरं झालं." चहावर साय धरली तरी तो पीत नव्हता. "मी मारलं तुला. चुकलं."

"जाऊ दे रे. तुझा तेवढा एकच तर मार माझ्या नावावर."

तो हसला नाही. बशीची कड बोटानं फिरवत राहिला. मग खाली बघूनच म्हणाला, "पोपट. तो आवाज परत काढ ना."

"कुठला?"

"एकदाच. मला बाबा म्हन. तिच्यासारखं. त्या दिवशी ती फक्त आयेला बोलली. म्हंजे तू बोललास. किती हुबेहूब रे... मला रात्रंदिस तोच ऐकू येतो. एकदा बाबा म्हन. मी डोले मिटतो."

त्यानं डोळे मिटले. साठी उलटलेला माणूस, मांडीवर हात ठेवून, शाळेत फोटो काढायला बसतात तसा बसला.

मी आवाज लावला. "बाबा."

फाटका आवाज निघाला. म्हाताऱ्या बोकडाचा. आत विमल खुदकन हसली. मी घसा खाकरला, नाकातून लावला, वर नेला, खाली आणला. "बाबा. अवो बाबा." पडद्यामागची राणी निघाली, कोळीण निघाली, सासू निघाली. मालू निघाली नाही. माझे दात पडले होते, घसा बसला होता. तो आवाज माझ्यापाशी कित्येक वर्षांपूर्वीच संपला होता आणि मलाच त्याचा पत्ता नव्हता.

सखानं डोळे उघडले होते. तो माझ्या ओठांकडं बघत होता.

"त्या दिवशी," तो सावकाश म्हणाला, "खोलीत तू काय बोललास?"

आयुष्यभर थापा मारून पोट भरलेला माणूस मी. एक थाप आठवेना.

"काय नाय," मी म्हटलं. "मी कायच नाय बोललो, सख्या."

तो उठला. बशी कलंडली, चहा त्या इस्त्रीच्या सदऱ्यावर सांडला, त्याला कळलं नाही. वहाणा खाटेखालीच राहिल्या. तो अनवाणी नाक्याकडं धावत सुटला, आणि मी त्याच्या मागं. रोह्याकडं जाणारा एक टेम्पो हात करून थांबवला, मागं चढायला गेला, चढता येईना. मी खालून ढकललं.

"अरे, काय झालं काय?"

"सकाळी तसाच निघालो रे," तो म्हणाला. त्याचे डोळे भरून वाहत होते आणि तोंडावर असा काही घाबरा आनंद होता, की तो मला आजवर कुणाच्या तोंडावर आणता आला नाही. "हौसाला सांगितलं. पोरीला येतो म्हनून सांगितलंच नाय."